वीस लिटरला दीडशे

धावपट्टीवर सगळे त्यांना थेंबमेस्त्री म्हणायचे. त्यात निम्मी थट्टा होती आणि निम्मा आदर. एकतीस वर्षं त्यांनी बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये, वंगणाच्या खड्ड्यात उभं राहून काढली होती. बसच्या पोटाखाली जन्म गेला म्हणून की काय, निवृत्त झाल्यावर माणूस एकदम आकाशाकडे वळला. खरं सांगायचं तर वळला नाही, वळवला गेला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीने जमीन मोजणाऱ्या सर्व्हेअरशी लग्न केलं, आणि या गृहस्थाला दिवसभर जमीन मोजून झाली की संध्याकाळी विमान बांधायचा नाद. गावाबाहेर छोटी धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याच्या सहा शेड, प्रत्येक शेडमध्ये एक हौशी वेडा आणि त्याचं अर्धवट विमान. आपले जावईबापू तिसऱ्या शेडमधले.

मेस्त्री पहिल्यांदा तिथे गेले ते नाक मुरडायलाच. विमानाला लावायचं इंजिन एका जुन्या मोटारीतून काढलेलं, रोटरी जातीचं.

"पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. हे इंजिन आहे की पिठाची गिरणी?"

जावयाने वाद घातला नाही. झाकण काढलं आणि आतली जाडजूड तिकोनी चकती हाताने फिरवून दाखवली. मेस्त्री उकिडवे बसले ते तासभर उठलेच नाहीत. त्या दिवशी घरी जेवण थंड झालं आणि बायकोने दोन दिवस अबोला धरला, पण माणूस हातचा गेला तो गेलाच.

त्या चकतीच्या तीन टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. चकती फिरते तशी ही सीलं इंजिनाच्या आतल्या भिंतीला घासत जातात, मिनिटाला हजारो वेळा. तेलाचा थेंब मिळत राहिला तर सुखाने नांदतात. नाही मिळाला तर भिंत ओरबाडतात आणि इंजिनाचा दम जातो. मोटार अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशाला कड नसते.

मोटारीत हे थेंब पुरवायला एक छोटा पंप असतो. तो इंजिनाच्या तळातलं वापरलेलं तेल उचलून आत सोडतो. मेस्त्रींना ते उष्टं वाटायचं. "काजळी खाऊन काळं झालेलं तेल पुन्हा घशात घालायचं? त्यापेक्षा स्वच्छ तेल पेट्रोलमध्येच मिसळू. वीस लिटरच्या कॅनला दीडशे मिली. पंप बिघडला तर कळायचंही नाही. माझा हात बिघडायचा नाही."

हे वाक्य चारचौघांसमोर बोललेलं. जावयाने मान डोलावली, पंप काढून टाकला, भोकावर पत्र्याची चकती बसवली आणि तेलाचा कारभार सासऱ्याच्या हाती दिला.

कारभार म्हणजे कसा, तर नाकावर माशी बसू द्यायची नाही. स्टीलचं माप, त्यावर कानशीने पाडलेली खूण. कॅनमध्ये तेल ओतायचं, झाकण लावायचं, तीस आकडे मोजेपर्यंत कॅन हलवायचा आणि मग मुठीला सुतळी बांधायची. सुतळी असली की तेल आहे. कॅन विमानाच्या टाकीत रिकामा झाला की सुतळी सोडायची. दुसऱ्या कोणी कॅनला हात लावला तर मेस्त्री असे बघायचे की पुढच्या वेळी तो माणूस कॅनपासून चार हात लांबून जायचा. संशय आला तर त्यांची एक जुनी परीक्षा होती. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. नुसतं पेट्रोल उडून जातं, मागे काही राहत नाही. तेल असलं तर डाग राहतो. ही परीक्षा त्यांनीच जावयाला शिकवली होती.

आता जे सांगायचं ते सांगताना मलाच बरं वाटत नाही. गेलं वर्षभर मेस्त्री विसरत होते. चष्मा आणि किल्ल्या सगळेच विसरतात, त्याचं काही नाही. पण एका आठवड्यात ते दोनदा न्हाव्याकडे गेले, आणि न्हावी हसून म्हणाला, "आता काय कापू, काका, कान?" मेस्त्रीही हसले आणि घामाघूम होऊन घरी आले. एकदा स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते कळेना. बुटाची नाडी बांधायचं सोंग करून बसून राहिले. शेजारीण भाजी घेऊन आली तेव्हा तिच्या मागोमाग चालत घरी पोचले. कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ उघडली तर पहिली गोष्ट काढून घेतील ती हे माप, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

विमान चाळीस तास एकट्याने उडवल्याशिवाय शेजारी कोणाला बसवायचं नाही, असं जावयाने ठरवलं होतं. चाळीस तास भरले आणि त्या रविवारी लेक पहिल्यांदा बसणार होती. मेस्त्री सकाळी सातलाच शेडमध्ये हजर. चार कॅन ओळीत मांडले. तेवढ्यात शेजारच्या शेडमधला दाताचा डॉक्टर आपल्या विमानाच्या पंख्याचं रडगाणं घेऊन आला. हा डॉक्टर एकदा सुरू झाला की समोरच्याचं तोंड कायम उघडंच आहे असं धरून चालतो. मेस्त्री हं हं करत हाताने काम करत राहिले.

नऊ वाजता लेकीने हात हलवला आणि विमान उठलं. मेस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते शेडमध्ये आवरायला लागले.

काम झालं की माप फडक्यावर पालथं घालायची त्यांची सवय, आणि फडक्यावर तेलाचं गोल उमटायचं. फडकं कोरडं होतं. त्यांनी मापात बोट फिरवलं. बोट कोरडं. पुसून ठेवलं असेल, असं मनाशी म्हणाले. मग तेलाची बाटली पाहिली. तिचं बूच उघडलेलंच नव्हतं. जुनी बाटली असेल. जुनी बाटली कचऱ्याच्या डब्यात होती, काल त्यांनीच टाकलेली. चारही कॅनच्या सुतळ्या मात्र त्यांच्या खिशात होत्या. म्हणजे बांधल्या होत्या, नीट गाठ मारून. डॉक्टरशी बोलता बोलता तेल न घालताच बांधल्या होत्या.

त्यांनी वर्तमानपत्र ओढलं आणि चारही कॅनच्या तळाचे थेंब एकेक करून समासावर पाडले. पहिला उडाला. दुसरा, तिसरा, चौथा. कागद होता तसा कोरा झाला.

ते स्टुलावर बसले. आणि मग एक विचार आला, जो कोणाही भल्या माणसाला येईल आणि कोणी कबूल करणार नाही. आत थोडं जुनं तेल चिकटलेलं असतं. फेरी पाऊण तासाची. उतरतील सुखरूप. उद्या गुपचूप दुप्पट घालू. कोणाला काय कळणार आहे? डोक्यावरून विमान गेलं. त्यात त्यांची लेक होती.

मेस्त्रींनी रेडिओ उचलला. सहाही शेडमधले रेडिओ एकाच वाहिनीवर असायचे, हे त्यांना माहीत होतं.

"खाली या. ताबडतोब."

"काय झालं, बाबा?" लेकीचा आवाज आला.

"पेट्रोलमध्ये तेल नाही. मी घातलं नाही." रेडिओचं बटण त्यांनी सोडलं नाही. "विसरलो मी."

जावई म्हणाला, "येतो."

डॉक्टर आपल्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

विमान आलं, चाकं टेकली, शेडपर्यंत धावत आलं. मेस्त्री शिव्या खायला तयार होऊन उभे होते. त्यांना शिव्या हव्याच होत्या. पण जावई उतरला तो रोज उतरतो तसा, आधी स्विच बंद, मग पट्टा, मग पाय. लेक मात्र खाली बघत होती.

"तुम्ही बसा आधी," जावई म्हणाला. "पाणी देऊ?"

एकतीस वर्षं इंजिनं ऐकलेला माणूस. आता त्यांच्या ध्यानात आलं की येताना आवाज स्वच्छ होता. आणि इंजिन सुकं चाललंय असं ऐकलेला माणूस पाणी विचारत बसत नाही.

"टाकीत तेल आहे," मेस्त्री म्हणाले. "हो ना?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. बोलली ती लेकच. "आहे, बाबा. हे रोज निघायच्या आधी टाकीतला थेंब कागदावर टाकून बघतात. डाग नाही पडला तर आपल्याजवळच्या वेगळ्या बाटलीतलं तेल घालतात आणि पंख धरून विमान हलवतात, मिसळावं म्हणून. तुम्ही चहाला जाता ना, तेव्हा."

"कधीपासून?"

"सात महिने झाले."

"म्हणजे सात महिने मी इथे भातुकली खेळत होतो?" मेस्त्री ओरडले. आवाज पत्र्यांवर आपटून परत आला. "आणि तुम्ही दोघं माझं कौतुक करत होतात!"

"तसं नाही हो," जावई म्हणाला. "बहुतेक वेळा तेल असायचंच."

"किती वेळा नव्हतं?"

जावई पंखावरची धूळ बोटाने पुसायला लागला.

"जावईबापू, मी विचारतोय."

"आज धरून पाच."

"पाच," मेस्त्री म्हणाले आणि स्टुलावर बसले. माणसाला वाईटपणाचा मार बसला तर उलट हात उगारता येतो. चांगुलपणाचा बसला तर काय करायचं?

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलो होतो."

"आणि आज नसतं सांगितलं मी?"

"तर अजून थांबलो असतो," जावई म्हणाला.

लेक येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली. मेस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"ऐका," ते म्हणाले. "तेल मीच घालणार. पण उद्यापासून कागद माझ्यासमोर भिजवायचा. माझ्या पाठीमागे नाही. आणि चुकलो तर तोंडावर सांगायचं."

"बरं," जावई म्हणाला.

"डॉक्टरकडेही जाऊ. दातांच्या नाही." कोणी हसलं नाही, म्हणून तेच थोडं हसले. "आणि घरी तुझ्या आईला मीच सांगेन. तिला आधीच ठाऊक असलं, तर तेवढं मात्र मला सांगू नका."

लेकीने त्यांचा हात घट्ट धरला आणि काहीच सांगितलं नाही.