चौथा खांदा

“घरूनच प्रार्थना केली का?”

मावशी हे मान तिरकी करून, आवाजात साखर घालून विचारायची. मागच्या रविवारी उपासनेला दांडी मारलेल्या माणसाचा हात ती आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, प्रेमाने दाबायची आणि मग विचारायची. मी मंडळीत पेटी वाजवतो, त्यामुळे सगळ्यांची तोंडं मला समोरून दिसतात. त्या प्रश्नासरशी भल्याभल्यांचे चेहरे कसे उतरायचे! ते पाहायला मी तिकीट काढूनही आलो असतो.

आमची मंडळी म्हणजे नोकरीपायी दिल्लीत येऊन पडलेली मराठी ख्रिस्ती घरं. मयूर विहारात एक हिंदी चर्च आहे. त्यांची उपासना आटोपली की दुपारी जागा आम्हाला मिळते. मी सरकारी कचेरीत अनुवादक, मावशी एका मंत्रालयातून निवृत्त झालेली स्टेनो. खरं तर ती कोणाचीच मावशी नव्हती. पण तिला दुसरं काही म्हणायची आमची हिंमत नव्हती.

एकदा डिसेंबरात मी रजईतून बाहेर पडलो नाही. संध्याकाळी दारावर बेल. मावशी आणि तिच्यामागे तीन बायका, हातात गीतांची पुस्तकं.

“झोपा, झोपा,” ती थेट पलंगापाशी येऊन म्हणाली. “तुम्ही घरूनच प्रार्थना करा. आम्ही फक्त साथीला आलोय.”

पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत सगळी उपासना माझ्या उशाशी झाली. शिवाय पाळकांचं प्रवचन तिने मला पुन्हा ऐकवलं, स्वतःची भर घालून. माझी बायको चहा करताना इतकी खूश दिसत होती की हा कट कोणाचा, हे मी विचारलंच नाही.

पण हा नुसता लुटुपुटूचा सूड. खरा सूड मावशी दर रविवारी घ्यायची. तो सचिवसाहेबांवर.

सचिवसाहेब म्हणजे आमच्या मंडळीचे सचिव. द्वारकेला राहायचे, इस्त्रीच्या कपड्यांत यायचे आणि पहिल्या बाकावर बसायचे. मावशी बरोबर त्यांच्या मागे. गीत सुरू झालं की ती त्यांच्या उजव्या कानात, अर्धी मात्रा पुढे राहून, वरच्या पट्टीत गायची. त्यांनी जागा बदलली की हीही बदलायची. प्रभूच्या प्रार्थनेत मात्र ती एका ओळीला गप्प व्हायची. ‘आम्ही इतरांना क्षमा केली’ या अर्थाची ओळ आली की मागून येणारा तो खणखणीत आवाज कापल्यासारखा बंद. ओळ संपली की पुन्हा सुरू. सचिवसाहेबांचा कान त्या वेळी लाल झालेला मी कितीदा पाहिलाय.

कारण मला तिनेच सांगितलं. मी दिल्लीत येण्याआधीची गोष्ट. तिचा नवरा जानेवारीत गेला. धुकं असं की मुलाचं पुण्याहून येणारं विमान निघालंच नाही. सचिवसाहेबांनी घरोघर फोन केले : धुकं फार आहे, कोणी धोका पत्करू नका, घरूनच प्रार्थना करा. मंडळीने आज्ञा पाळली. दफनभूमीत पाळक होते, शेजारचे सरदारजी होते आणि गाडीचा ड्रायव्हर होता.

“चौथा खांदा माझा,” मावशी म्हणाली. “मी बुटकी. शवपेटी माझ्या बाजूला कलली. आतून ते सरकल्याचा आवाज आला मला.” मग पदराने उगाच चष्मा पुसत म्हणाली, “मी सोडणार नाही.”

पुढे काही वर्षांनी सचिवसाहेबांची बायको गेली. पुन्हा जानेवारी, पुन्हा तसंच धुकं. त्यांच्या मुलीने निरोप पाठवला : ज्यांना शक्य आहे त्यांनीच यावं. मी मनात म्हटलं, आता मावशीचा दिवस! आता ती द्वारकेला फोन लावणार आणि ते वाक्य म्हणणार.

फोन आला तो मला.

“पेटीवाले, घरून प्रार्थना करायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. संध्याकाळी तुमच्याकडे उपासना ठेवते.”

ही धमकी तिने घराघरांत दिली. मयूर विहाराची माणसं तिने स्वतः मेट्रोत कोंबली, गाझियाबादवाल्यांना टॅक्सी करायला लावली. पेटी उचलायला इतके पुरुष पुढे झाले की एकमेकांच्या पायांवर पाय पडले. मावशी सचिवसाहेबांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच उजव्या कानाशी.

“सचिवसाहेब,” ती हळूच म्हणाली, “खांदे मोजा.”

त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं आणि हुंदका देऊन रडले. अहो, याहून नेमका वार मी आयुष्यात पाहिला नाही. मनातल्या मनात मी टाळी वाजवली, आणि माझेही डोळे भरले.

पुढच्या रविवारी सगळ्यांचे कान त्या ओळीकडे. ओळ आली. मावशी गप्प.

बाहेर चहाच्या वेळी मी विचारलं, “मावशी, आता तरी?”

“आता काय? सोडणार नाही म्हटलं ना.”

“देवाला काय वाटेल?”

“तो दर रविवारी ऐकतोय की. घरी रुसून बसले असते, तर मी गप्प आहे हे कळलं असतं का कोणाला?” तिने बिस्कीट चहात बुडवलं. “आणि या माणसाला सोडलं, तर त्याच्या मागे बसून मी करू काय?”

या हिवाळ्यात मावशी गेली. दफनभूमीत सर्वांत आधी पोचले होते सचिवसाहेब, तेही पाळकांच्या आधी. द्वारकेहून पहिली मेट्रो पकडून, मफलर गुंडाळून. म्हातारे झालेत. पण पुढचा खांदा त्यांनी कोणाला दिला नाही.

कबरीपाशी प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली आणि सवयीने आम्ही सगळेच अडखळलो, मागची शांतता ऐकायला. सचिवसाहेबांचे ओठ हललेच नाहीत.

मग दोर लावून पेटी खाली सोडली. सगळ्यांनी आपापले दोर सोडले. सचिवसाहेबांच्या मुठीत त्यांचं टोक तसंच.

“साहब, अब छोड़ दीजिए,” कबर खणणारा म्हणाला.

“सोडणार नाही,” सचिवसाहेब म्हणाले.

त्याला मराठी येत नव्हतं. तो माझ्याकडे वळला. “क्या कह रहे हैं?”

जन्मभर मराठीचं हिंदी करून पगार घेतलेला मी. तेवढ्या दोन शब्दांचं हिंदी मला सापडलं नाही.