शून्याची डिस्क आणि एक नंबर

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधल्या फोरमनकाकांना जगातली कुठलीही चांगली गोष्ट "एक नंबर" असते. चहा एक नंबर, नवीन ग्राइंडर एक नंबर, मालकांच्या मुलीचं लग्नसुद्धा एक नंबर. मी तिथली कॉम्प्युटरवाली, हे रोज ऐकणारी. त्यामुळे त्या दिवशी जे झालं, त्यात मला कुणीही सहानुभूती दाखवली नाही.

आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क. एकीत जे लिहिलं जातं तेच दुसरीत, म्हणजे एक मेली तरी दुसरी सांभाळून घेते. कप्प्यांवर मीच स्टिकर लावलेले, ० आणि १. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, त्याला माझा इलाज नाही.

काका महिनाअखेरीला रिटायर होणार होते. कुठलं मशीन थंडीत हट्ट करतं, कुठल्या जॉबला किती ढील द्यायची, सगळं त्यांच्या डोक्यात. वर्षभर मागे लागून, लाडीगोडी लावून मी ते टाइप करून घेतलं होतं. "सांगून का मशीन कळतंय व्हय?" असं म्हणत म्हणत त्यांनी सगळं सांगितलं. ती फाइल त्या सर्व्हरवर होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. बॅकअपसाठी वेगळी डिस्क मागितली की मालक म्हणायचे, दोन आहेत ना?

मी निघोज्याला एका गिऱ्हाईक कंपनीत ऑडिटला बसले होते, तेवढ्यात काकांचा फोन. "ताई, तुमचा सर्व्हर बोंबलतोय. पोरांची डोकी उठलीत."

मोबाइलवर बघितलं, शून्याची डिस्क गेली होती. म्हटलं, मी येईपर्यंत थांबा. तर म्हणाले, "न्हाई, आता गप करा, न्हाईतर मी मेन स्विच पाडतो." हा माणूस खरंच पाडेल, हे मला माहीत होतं. मग सांगितलं, कपाटातून नवी डिस्क घ्या, सर्व्हर चालूच राहू द्या, शून्य लिहिलेल्या कप्प्याचा खटका दाबून डिस्क बाहेर ओढा.

"काढली," काका म्हणाले. मागे पॉवर प्रेसचा दणदणाट.

"कुठली काढली?"

"एक नंबर."

चांगली डिस्क काढली या माणसाने. ऑडिटवाल्यांच्या देखत मी फोनवर किंचाळले, "ती परत घाला आणि दुसरी काढा, आधी दुसरी काढा!"

काकांनी इतक्या वर्षांत माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं. तेव्हा मात्र निमूट ऐकलं. मग समाधानाचा आवाज, "आवाज बंद झाला बघा. काम एकदम एक नंबर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी आधी काढलेली डिस्क बरोबरच होती. मेलेली परत आत गेली होती आणि जिवंत मी माझ्या तोंडाने बाहेर काढायला लावली होती, म्हणून सर्व्हरच बंद पडला होता.

मोशीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत स्कूटरवर बसून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पोचले तर काका स्टुलावर बसलेले, डिस्क रुमालात गुंडाळून मांडीवर धरलेली. "मला वाटलं, कशी निघाली विचारताय," एवढंच म्हणाले. मी ती डिस्क तिच्या कप्प्यात सरकवली. सर्व्हर चालू केला. बराच वेळ पडद्यावर काहीच नाही, मग एकेक फोल्डर दिसायला लागलं. काकांची फाइल उघडून बघितली, सगळी होती. मला रडूच आलं, काय लपवायचं.

मेलेली काढून नवी डिस्क शून्याच्या कप्प्यात घातली. कॉपी सुरू झाली. दोघं टक्के वाढताना बघत बसलो. पहिला चहा गार झाला म्हणून काकांनी दुसरा मागवला.

"काका, फाइल गेली असती तर?" मी विचारलं. "तुम्ही तर चाललात."

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"तर काय," ते म्हणाले, "सांगायला आलो असतो की रोज."