शांतवनकाकांचं सेटिंग

रिलेचं सेटिंग ठरवण्याआधी शांतवनकाका सबस्टेशनच्या कुंपणाबाहेर जाऊन मूठभर माती उचलत आणि चुरडून बघत. नेवासा तालुक्यात मी इंजिनीअर म्हणून नवीच रुजू झाले होते. पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं! आता हे पंचांगही काढणार.

ते टेस्टिंगचे जुने टेक्निशियन. "मॅडम, तार तुटून काळ्या रानात पडली तर करंट धो धो जातो, रिले लगेच लाईट तोडतो. पन हितं मुरूम हाय, कोरडा ठाक. करंट चोरपावलानं जातो. रिलेचा कान तिखट ठेवावा लागतो." बिघाड झाला की कुठला ब्रेकर आधी पडायचा, म्हणजे कुठली लाईन आधी तोडायची, हेही त्यांनी असंच शिकवलं. "भांडन आधी घरात मिटवायचं, मग भावकीत. कोरट सगळ्यात शेवटी. एका गल्लीपायी तालुका अंधारात घालायचा न्हाई." कॉलेजात चार वर्षं घोकलेलं मला तेव्हा कुठे कळलं.

त्या उन्हाळ्यात लाईट आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी ऑटो स्विचवर एकदम सुरू होत, करंट उसळे, रिलेला तो बिघाड वाटे आणि फीडर, म्हणजे शिवाराची सगळी लाईन, बंद पडे. उभी पिकं वाळायला लागली. लोक आले, "सेटिंग वाढवा."

"वाढवलं की रिले बहिरा हुतो. आधी ऑटो काढा," काका म्हणाले आणि हटले नाहीत.

गुड फ्रायडेला ते रजेवर गेले आणि लोकांनी मला गाठलं. मी दीडशहाणी, वाढवलं सेटिंग! फीडर टिकला. लोकांनी मला मानाचा नारळ दिला आणि मी तो मिरवत घरी नेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तार तुटून मुरमाड बांधावर पडली. रिलेला पत्ताच नाही. भागुजी नावाच्या शेतकऱ्याचा बैल जागीच गेला. त्याला उठवायला भागुजी धावले, तेव्हा सुनेनं कमरेला धरून मागं ओढलं म्हणून वाचले.

निरोप मिळताच काका आले. बैलाभोवती गाव जमलं होतं. "कुनी केलं हे?" भागुजींनी विचारलं. मी गर्दीत मागे सरकले. काका पुढे झाले. "आमचं चुकलं, दादा. सेटिंग माझ्या हातचं."

चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं. मी शेजारी बसून होते, तोंड शिवल्यासारखी. नोकरी नवी होती, हे कारण आजही मला पटत नाही. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना त्यांना कर्जतला धाडलं. जाताना एवढंच म्हणाले, "सेटिंग खाली घेतलंय. आता कुनाचं ऐकू नका."

मग दर नाताळला मी फोन करायची. आज सांगायचंच, असं ठरवून. शुभेच्छा द्यायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. "लई बरं वाटलं, मॅडम," ते म्हणत. अजूनही लोक सेटिंग वाढवा म्हणत येतात, मी नाही म्हणते, आणि ते परत गेले की काकांची इतकी आठवण येते की काम सुचत नाही.

मागच्या महिन्यात ते गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्या बायकोजवळ, करुणाकाकूंजवळ बसले आणि एकदाचं बोलले, "काकू, ते सेटिंग मी वाढवलं होतं."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन वाजला की म्हनायचे, 'आज सांगंल बघ पोरगी.' तुमी ठेवून दिला तरी कानाला तसाच धरून बसायचे."