मास्तरांविरुद्ध बाईंचा अर्ज

कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी पत्र्याखाली आम्ही दोघं बावीस वर्षं बसतो. मी स्टॅम्प आणि कोरे फॉर्म विकतो, बाई अर्ज टाइप करतात. माझं तोंड फाटकं, हे मला ठाऊक आहे. बाई सरळ नाकासमोर चालणाऱ्या. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. घरी त्या एकट्याच.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्जाच्या शेवटी मागण्या लिहायच्या त्या दणकून लिहायच्या. एक हवी तर चार मागायच्या, कारण काहीतरी कापल्याशिवाय न्यायाधीशांना न्याय केल्यासारखं वाटत नाही. म्हणून कापायला माल ठेवायचा. बाईंच्या कॉम्प्युटरवर अशा अर्जाचे नमुने तयारच असतात. नाव-पत्ता बदलला की काम झालं.

बाईंच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. समोर गणिताचे मास्तर आणि त्यांची आई. मास्तरांचं डोकं अधूनमधून बिघडायचं, पण म्हातारी होती तोवर गोळ्या वेळेवर पोटात जायच्या. म्हातारी गेली आणि गोळ्याही बंद झाल्या. बाई काम घरी न्यायच्या. टायपिंगचा आवाज समोरच्या घरात गेला की मास्तरांना वाटायचं, ही बाई माझ्याविरुद्धच लिहितेय. आधी शिव्या, मग दारावर लाथा. बाईंनी घरी टाइप करणं सोडलं. संध्याकाळी दिवा बारीक करून नुसत्या बसून राहायच्या. आणि बऱ्या दिवसांत हेच मास्तर त्यांची गॅसची टाकी तीन मजले वर चढवून द्यायचे!

एका सकाळी बाई कामाला निघाल्या, दाराला कुलूप लावत होत्या, तेवढ्यात मास्तर पडद्याचा लोखंडी दांडा घेऊन आले आणि उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. पोलीस म्हणाले, माणूस आजारी आहे, आम्ही काय करणार. हॉस्पिटल म्हणालं, नातेवाईक आणा. मास्तरांच्या बहिणीने फोनवरच हात झटकले. इमारतीतली मंडळी तर बाईंनाच सांगायला लागली, जरा सांभाळून राहा म्हणून. म्हणजे काय, बाईंनी पंख लावून खिडकीतून ये-जा करायची? ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्लास्टर घातलेला हात घेऊन बाई टेबलाशी बसल्या आणि डाव्या हाताच्या एका बोटाने स्वतःचाच अर्ज टाइप करायला लागल्या. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. मास्तरांनी आपल्या दाराशी येऊ नये, आणि त्यांना कुणीतरी औषधोपचाराला लावावं. नमुना काढला तो मारकुट्या नवऱ्यांसाठी केलेला. त्यात एक मागणी होती, सामनेवाल्याने पुढील आदेशापर्यंत इमारतीत पाऊल ठेवू नये. बाईंचं बोट तिथे थांबलं.

"भाऊ, हे काढते. एवढं नको."

"राहू द्या हो बाई. कापतातच ते."

बोललो मी. उंटावरचा शहाणा.

न्यायाधीशबाईंनी प्लास्टर पाहिलं, लाथांनी फुटलेल्या दाराचा फोटो पाहिला आणि इमारतीत न येण्याची मागणी जशीच्या तशी मंजूर केली. कापली फक्त औषधोपचाराची. त्यासाठी म्हणे नातेवाइकाने वेगळा अर्ज करावा, दुसरीकडे.

त्याच दुपारी दोन पोलीस आले. बाई दाराच्या भोकातून बघत होत्या. मास्तर त्या दिवशी अगदी शांत होते. पिशवीत चार कपडे भरले, दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किती दिवस म्हणून विचारलं. पोलिसांनी उत्तर दिलं नाही. मास्तर जिना उतरून गेले.

मला वाटलं, चला, बाई आता सुखाने झोपतील. कसलं काय! बहिणीने मास्तरांना दारात उभं केलं नाही. आठवडाभर ते बसस्टँडवर दिसत होते, मग दिसेनासे झाले. बाई काम संपलं की त्यांना शोधत हॉस्पिटलं पालथी घालायच्या, मग घरी. मजल्यावर दुसरं चिटपाखरू नाही, आणि समोरच्या बंद दारावर कोर्टाचा आदेश चिकटवलेला. एकदा मला म्हणाल्या की पूर्वी समोर माणूस तरी होतं.

दोन महिन्यांनी त्यांनी आदेश बदलायचा अर्ज केला. मास्तरांना घरी येऊ द्यावं, एवढंच. मास्तरांना पाठवलेली नोटीस त्याच कुलूपबंद घरी गेली आणि तशीच परत आली. तारखेला मी दुकान बंद करून बाईंबरोबर आत गेलो. न्यायाधीशबाईंनी चांगल्या शब्दांत विचारलं, आता त्यांची भीती वाटत नाही ना? नाही म्हटलं की काम झालं. कोर्टाच्या इमारतीत लोक शपथेवर खोटं बोलतात ते मी रोज ऐकतो.

बाई वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे बघत राहिल्या.

"वाटते," त्या म्हणाल्या. "अजून वाटते."

"मग परत कशाला आणायचंय?"

"त्यांचं घर आहे ते."

आदेश कायम राहिला. त्यात न्यायाधीशबाईंची चूक म्हणवत नाही. बाहेर आल्यावर मी बाईंवरच डाफरलो, जन्मात एकदा खोटं बोलला असता तर आभाळ कोसळलं असतं का म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे हरवलेल्या माणसाच्या तक्रारीचा फॉर्म मागितला. मी दिला. नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, सगळं त्यांनी भराभर लिहिलं आणि एका रकान्यापाशी अडल्या.

"भाऊ, इथे तक्रारदाराचं नातं विचारलंय. काय लिहू?"

बावीस वर्षं तो फॉर्म विकतोय मी. तरी तो रकाना कधी नीट वाचला नव्हता.

"शेजारी लिहा," मी म्हटलं.

बाईंनी तसं लिहिलं, खाली सही केली आणि कागद घेऊन एकट्याच पोलीस चौकीकडे गेल्या.