माझ्या ऑफिसच्या भिंतीवरचा चौक

माझं लग्न मी स्वतःच, एका रविवारी दुपारी, तांदळाच्या पिठाने ठरवलं. नवऱ्याचा त्यात काही सहभाग नव्हता, कारण नवराच नव्हता.

टोकावड्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत माझं ऑफिस आहे. म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि पाठीमागे ओल धरलेली, खताच्या गोण्या घासून काळी पडलेली भिंत. नोकरी नवीन, अजून पक्की व्हायची होती. मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवून बसायची (तोंड बंद ठेवणं तर मला जन्मापासून जमतं). शेवटी साहेबांनी कळवलं, सोमवारी प्रत्येकाने कॅमेरा लावून आपलं काम सांगायचं. कोणाला पक्कं करायचं ते त्यावरून ठरेल.

मला कामाची भीती नव्हती. भिंतीची होती.

आई कसाऱ्याला माहेरी, बाबा शेतावर. मी भिंतीला गेरू फासला, पीठ कालवलं आणि काडीने मोठा चौक काढला. आत सूर्य, चंद्र, फेर धरलेली माणसं आणि एक घोडा (तो बकरीसारखा झाला, पण आत्मविश्वासाने उभा होता). असं चित्र घरातल्याच एका जुन्या फोटोत पाहिलं होतं.

तो फोटो आईबाबांच्या लग्नाचा होता, एवढंच मी विसरले. आमच्याकडे असा चौक लग्नघराच्याच भिंतीवर काढतात. मी वाढले कल्याणच्या वसतिगृहात, इंग्रजी शाळेत. मी पाहिलेली लग्नं सगळी हॉलमधली. तिथे भिंतीवर फ्लेक्स असतो.

शेजारच्या हिराकाकी ताक घेऊन आल्या आणि भिंत पाहून दारातच थांबल्या. मग जवळ येऊन त्यांनी माझी अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली.

"तुझी आय बोलली पण नाय गो," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

कलेची एवढी कदर! मी लाजून मान खाली घातली आणि हसले. (आमच्या गावात मुलीने मान खाली घालून हसलं की बातमी पक्की समजतात.)

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव भिंत बघून गेलं. मी प्रत्येकासमोर मान खाली घालून हसत होते. मंडपवाला तर टेप लावून अंगण मोजून गेला. बाबा खळ्याला पत्रे घालणार असतील, असं मी समजले.

बाबांना नाक्यावरच लोकांनी धरलं. एवढी मोठी गोष्ट लपवली म्हणून फैलावर घेतलं. आता गावातल्या प्रत्येक भांडणात निवाडा देणारा माणूस, पोटच्या पोरीचं लग्न आपल्याला ठाऊक नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार? "घाईत ठरलं. तारीख कळवतो," असं सांगून ते घरी आले आणि हळूच मला म्हणाले, "मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

बाबा खाली बसले. "म्हंजे तुला पण माहीत नाय?"

सगळा उलगडा झाल्यावर सकाळी घरोघर जाऊन खुलासा करायचं ठरलं. पण बातमी तोवर सापगावला आत्याकडे पोचली होती.

सोमवारी मी कॅमेरा लावला. साहेबांनी आधी भिंतीचं कौतुक केलं. मग मी बोलायला लागले आणि चक्क बोलत राहिले. तेवढ्यात दार उघडलं आणि आत्या, मागे चार बायका, हातात हळदीचं ताट.

"भावानं सांगितलं नाय तरी आत्या आली. पहिली हळद आत्याच लावणार."

"आत्या, मीटिंग चालू आहे," मी पुटपुटले.

आत्याने चष्मा वर केला, स्क्रीनवर वाकली, एकेका चौकटीतला एकेक चेहरा निरखला आणि विचारलं, "यातला कुठला गो?"

ऑफिसातल्या सगळ्या मुलांनी एकाच वेळी कॅमेरे बंद केले. इतकी एकजूट आमच्या टीमने आधी कधी दाखवली नव्हती.

नोकरी पक्की झाली. साहेबांनी त्याच मेलमध्ये लग्नासाठी रजाही मंजूर केली. आत्याला खरं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चौक काढला तो तसाच पुसायचा नाय. लगीन लागल्यावरच पुसायचा." आणि ताट ठेवून स्थळं बघायला निघाली.

तेव्हापासून मीटिंगला बसताना, कोणी लग्नाची तारीख विचारू नये म्हणून, मी त्या सुंदर भिंतीवर खताचं गोणपाट टांगते.