वायरमनने काढलेली वायर

काष्टी गावात कल्याण वायरमनला विचारल्याशिवाय कुणाच्या घरात साधा बल्ब लागत नाही. माणूस महा हट्टी. बिनवायरच्या वस्तूंवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "वायर तुटली तर दिसती तरी. हवेतलं तुटलेलं कुठं जोडायचं?" असं तो गिऱ्हाइकाला सुनावायचा.

त्याची बायको बनुबाई म्हणजे गल्लीचा आवाज. बाजारच्या दिवशी तिच्या ओट्यावर बायकांना जागा पुरत नसे. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. लिहिता तिला येत नव्हतं, आणि शेतात रापलेल्या बोटांना मोबाईलची काच दाद देत नव्हती. तेव्हा कल्याणने स्वतःच एक पाटी बनवली. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची जाड बटणं, प्रत्येकाशेजारी चित्र. दाबलं की जुना मोबाईल बोलणार. शब्द बनुबाईच्या धाकट्या बहिणीने, सत्यशीलाने, राहुरीहून येऊन भरले. दोघींचा आवाज लहानपणापासून एकसारखा. मोबाईल खाटेजवळ भिंतीला, आणि तिथून पाटीपर्यंत पक्की वायर. काम असं चोख की बघत राहावं.

बनुबाई त्यावर चहा मागायची, पाणी मागायची. मग पाटी खाटेवर ठेवून ओट्यावर जाऊन बसायची. एका बाजारच्या दिवशी कल्याणने पाहिलं, बायका बोलत होत्या आणि ही नुसती मान हलवत होती. एकीने तिला काही विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरीकडे वळली. आपण बायकोला आवाज दिला आणि तो खाटेला बांधून ठेवला, हे कल्याणला तेव्हा कळलं.

आधी त्याने मोबाईल तिच्या कमरेच्या पिशवीत घालून वायर आखूड केली. ती पदरात अडकायची, आणि एके दिवशी शेळीनं ती चघळून टाकली. मग मात्र त्याने वायर काढलीच. आयुष्यभर ज्याची टर उडवली ते ब्लूटूथ तो व्हिडिओ बघून शिकला, शिकताना एक सर्किट जाळलंही. जोडणी मधेच तुटायची, सेल उतरायचा. रोज जेवायच्या आधी तो पाटी चार्जिंगला लावायचा, कुरकुर न करता. अशा माणसाला मोठं म्हणायचं नाही तर कुणाला?

एक बटण रिकामं होतं. हाक मारायला त्यात 'अहो' भर, असं त्याने मेव्हणीला सांगितलं. सत्यशीलाने बहिणीच्या खुणा पाहिल्या आणि हसत म्हणाली, "दाजी, बाजारात 'अहो' म्हणलं तर निम्मे नवरे वळत्याल." मग दोघींनी दार लावून काहीतरी भरलं.

पुढच्या बाजारी कल्याण रस्त्यापलीकडे शिडीवर होता. ओट्यावरच्या गलक्यातून आवाज आला, "कल्याण, चहाला या."

त्याने वळून पाहिलं. उखाणा सोडला तर एवढ्या संसारात तिने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. पाटी खाटेलाच बांधलेली राहिली असती तर नाव घ्यायची वेळही आली नसती, तिथं तो समोरच असायचा. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बनुबाई लाजून चूर झाली होती, बोट मात्र बटणावरच होतं. "कल्याण, चहाला या."

"आलो," तो म्हणाला, पण उतरला नाही. त्याला अजून एकदा ऐकायचं होतं.