कमानीतले मोहोळ

निवृत्तीनंतर, आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या किल्ले पाहणाऱ्या मंडळींबरोबर मी प्रथमच बाहेर पडले, ती वसईच्या कोटात. या तटाच्या आत एके काळी अख्खे शहर नांदत होते. सबंध बसप्रवासात मी कोणाशी चार शब्दही बोलले नव्हते.

दरवाज्याच्या कमानीखाली सगळे दाटीने उभे राहिले. मी मान वर केली, तेव्हा दगडाला लटकलेले, परातीएवढे काळे मोहोळ दिसले. आग्या माश्यांचे. खाली कोणीतरी शीळ घातली, तशी त्या काळेपणावरून एक लाट सर्रकन सरकली.

"इथे मोहोळ आहे," मी म्हणाले. फोटोच्या गलबल्यात ते कोणाच्याही कानी गेले नाही.

शेजारच्या वहिनी काठी टेकत जवळ आल्या. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. "गो, वर काय बघतंस? दरवाजो डोक्यार पडतलो काय?"

माश्या उठल्या तर बाकीचे पळतील; वहिनी कुठे पळणार?

आमचे म्होरके, तिसऱ्या मजल्यावरचे काका, एका चिऱ्यावर चढले. किल्ल्याच्या दरवाज्यात गर्जना केल्यावाचून त्यांचे पाऊल आत पडत नसे, असे मी ऐकून होते. "मोबाइल ठेवा रे सगळे! आणि मॅडम, आज तुमचा पण आवाज आला पाहिजे हां!"

"काका, थांबा," मी म्हणाले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. वर पुन्हा लाट उठली. तिच्यामागे लगोलग दुसरी.

"हर ह—"

मी माणसे सारून केव्हा पुढे गेले, कळले नाही. माझा तळवा त्यांच्या तोंडावर होता. त्यांच्या मिशा टोचत होत्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. काकांचे डोळे रागाने विस्फारले. दुसऱ्या हाताने मी वर दाखवले. त्यांनी पाहिले. मी हात काढल्यावरही त्यांचे तोंड मिटलेलेच राहिले.

एकेक करून आम्ही आत सरकलो. टकटक होऊ नये म्हणून वहिनींची काठी मी काखेत धरली आणि त्यांचा भार खांद्यावर घेतला. वळणावरचा आतला दरवाजा ओलांडून उन्हात येईपर्यंत कोणी खोकलेसुद्धा नाही.

"मॅडम, आधी सांगायचं ना!" काका कुजबुजले.

सवयीने मी "माफ करा" म्हणाले.

"माफी कसली मागतंस गो?" वहिनी दगडावर बसत म्हणाल्या. "काठी दी माझी."

काका माझ्याकडे वळले. "परत जायला दुसरी वाट आहे का हो?"

"आहे," मी पिशवीतला किल्ल्याचा नकाशा उघडत म्हणाले. "बंदराकडचा दरवाजा. बस तिकडे बोलवा."